काऊबॉय रोमान्स लिहिताय आणि नायिकेचा नवरा गेलेला आहे? मग आधी ही यादी करा

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या या प्रकारच्या कथा बहुतेक एकाच ठिकाणी आपटतात. पहिल्या पानावर नवरा मेलेला असतो, तिसऱ्यावर टोपीवाला येतो, पाचव्यावर पाऊस पडतो, आणि रँच म्हणून जे काही आहे ते मागे वॉलपेपरसारखं लटकत असतं. गायी आहेत पण त्या कधी वीत नाहीत, कुणी गवत कापत नाही, बँकेचा फोन येत नाही, आणि मग लेखिका विचारते की वाचक मधेच का सोडून जातात.

म्हणून हे क्रमाने लिहितेय, मी स्वतः चुकत चुकत शिकले तसं. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय: आजच्या काळातली कथा, अमेरिकेतलं पूर्व माँटाना, ती चाळिशीच्या अलीकडची, नवरा जाऊन दीड वर्ष झालंय, एक आठ वर्षांचा मुलगा आणि ३०० गायींचं रँच तिच्या गळ्यात. तुम्ही टेक्सास घ्या नाहीतर वायोमिंग घ्या, टप्पे तेच राहतील, फक्त तारखा आणि हवामान बदलेल.

## बसायच्या आधी हाताशी काय हवं

एक वही, एक नकाशा आणि गावाकडच्या कुणाचा तरी फोन नंबर.

नकाशा म्हणजे सॅटेलाइट व्ह्यू लावून माइल्स सिटीच्या आसपास अर्धा तास नुसतं फिरा. टंग नदी यलोस्टोनला कुठे मिळते, रस्ता कुठे डांबरी संपून मातीचा होतो, दोन घरांत किती अंतर आहे, बघा. शिवाय रँचवाले स्वतःच गाय विण्याचे, ब्रँडिंगचे (म्हणजे तापल्या लोखंडाने गुरांवर मालकीचा डाग देण्याचे) व्हिडिओ टाकत असतात, ते आवाज चालू ठेवून बघा, कारण आपण लिहिताना आवाजच विसरतो.

आणि फोन नंबर का, तर गुरांची भाषा आपल्याकडे इंग्रजीपेक्षा जास्त आहे. गाभण, पहिलारू, अडलेली गाय, चीक, पान्हा, वार पडली का. हे शब्द असताना "हीफरने डिलिव्हरीनंतर कोलोस्ट्रम दिलं" असं लिहिणाऱ्याला मी तरी पुढे वाचत नाही. ज्याच्या गोठ्यात गाय आहे अशा मामाला फोन लावा, वीस मिनिटांत सगळं मिळेल. जे आपल्याकडे नाहीच ते तसंच ठेवा: रँच, पिकअप, ब्रँडिंग. आणि काऊबॉयला "गुराखी" करू नका, गुराखी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हातात काठी घेतलेलं पोरगं येतं.

## टप्पा १: गेलेल्या माणसाची कामं लिहून काढा

स्वभाव नाही, कामं. "तो हसतमुख होता, प्रेमळ होता" याचा कथेला काडीचा उपयोग नाही, कारण असं वाक्य कुणाच्याही नवऱ्याबद्दल लिहिता येतं. तो मेल्यावर कुठलं काम पडून राहिलं ते लिहा.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात काम, दुसऱ्यात ते आता कोण करतंय, तिसऱ्यात ते काम दुसऱ्याच्या हातात द्यायला ती तयार आहे का. पंधरा-वीस ओळी सहज होतात. थंडीत ट्रॅक्टरचा हीटर रात्री प्लगला लावून ठेवणं. विण्याच्या दिवसांत रात्री दोनची फेरी. अडलेल्या गायीचं वासरू ओढणं. जानेवारीत बँकेत जाऊन वर्षाचं कर्ज नवं करून घेणं. मुलाला स्कूलबसच्या थांब्यापर्यंत सोडणं. पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडणं. विळे-सुऱ्यांना धार लावणं.

दुसऱ्या रकान्यात काही ठिकाणी "ती", काही ठिकाणी "शेजारी", आणि दोनतीन ठिकाणी "कुणीच नाही" आलं पाहिजे. कुणीच करत नाही अशी कामं म्हणजे तुमची सुरुवातीची दृश्यं. दीड वर्ष एका खोलीतला बल्ब गेलेला आहे आणि ती अंधारातच कपाट उघडते, हे नुसतं लिहिलंत तरी पुरे, रडवायची गरज नाही.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो येणार, हळूहळू एकेक काम त्याच्याकडे जाणार, आणि एक काम ती काही केल्या सोडणार नाही. ते कुठलं हे आत्ताच ठरवा. माझ्या डोक्यात नेहमी रात्री दोनची फेरी असते, कारण ती वेळ नवऱ्याची होती, ती झोपलेली असायची आणि तो गार पाय घेऊन पांघरुणात यायचा.

सावधान: नवऱ्याला देव करू नका आणि राक्षस तर अजिबात करू नका. तो मारायचा, प्यायचा, असं दाखवलं की नायिकेला पुन्हा प्रेम करायला काहीच अडचण उरत नाही, ती पळवाट आहे आणि वाचकाला ती लगेच कळते.

तपासा: तो वाईट करायचा असं एक तरी काम यादीत आहे का? म्हणजे फाटकाची कडी नीट बसवायच्याऐवजी तो प्रत्येक वेळी गवताच्या गठ्ठ्याची सुतळी गुंडाळून ठेवायचा, आणि ती त्यावरून चिडायची. आता सगळी फाटकं तशीच सुतळीवर आहेत.

## टप्पा २: जागा पक्की करा

इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बर्फाचे डोंगर. माँटाना म्हटलं की खिडकीतून हिमशिखरं दिसायलाच पाहिजेत असं आपल्याला सिरियलींनी शिकवलंय, पण ते डोंगर पश्चिमेला. पूर्वेला गवताळ माळ, झिजलेले मातीचे कडे, सेजब्रशची राखाडी झुडपं, आणि ओढ्याच्या कडेने कॉटनवुडची झाडं. पाऊस पडला की तिथली चिकणमाती, तिला गंबो म्हणतात, टायरला अशी लपेटते की गाडी जागची हलत नाही. पावसात मिठी वगैरे लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण त्यानंतर दोघांना दीड मैल चिखल तुडवत घरी जाऊ द्या, बुटाला तीन किलो माती घेऊन.

अंतराचा अंदाज यायला एक हिशोब करा. माँटाना साधारण ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं, आणि २०२० च्या जनगणनेत लोक किती तर अकरा लाखांच्याही आत. त्या कोरड्या भागात एका गायीला वर्षभराच्या चरण्यासाठी पंचवीस-तीस एकर तरी लागतात, कधी जास्तच. ३०० गायी म्हणजे आठ-नऊ हजार एकर. त्यामुळे "तिने खिडकीतून आपल्या गुरांवर एक नजर टाकली" हे वाक्य होऊच शकत नाही, आणि शेजारीण "सहज डोकावली" हेही नाही. शेजारीण येते ती गाडी काढून, धूळ उडवत, आणि ती धूळ घरातून दहा मिनिटं आधी दिसते. या दहा मिनिटांत नायिका काय करते तेवढं लिहा, अर्धं पात्र उभं राहतं.

छोट्या गोष्टी पटकन: रँच ज्याचं तो रँचर, पगारावर काम करतो तो काऊबॉय, दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. दुपारच्या जेवणाला तिकडचे जुने लोक डिनर म्हणतात आणि रात्रीच्याला सपर. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे आठ वाजता चांदण्यात फिरायला नेऊ नका. पिकअपमध्ये रायफल असू शकते, कोयोटीसाठी किंवा पाय मोडलेल्या जनावरासाठी, पण कमरेला दोन पिस्तुलं लटकवलीत तर तुमची कथा दीडशे वर्षं मागे गेली.

## टप्पा ३: वर्षाचं कॅलेंडर आधी, प्रेम नंतर

माझ्या पहिल्या कथेत मी ऑक्टोबरच्या सोनेरी उन्हात वासराचा जन्म दाखवला होता. मावसबहीण नेब्रास्कात लिंकनला असते, तिने वाचून फोन केला, म्हणाली, "अगं ऑक्टोबरमध्ये इकडे वासरं विकतात, जन्माला कुठे येतायत!" (काहीजण शरदात पण विऊन घेतात, पण त्या थंडीच्या पट्ट्यात नेहमीचा हंगाम तो नाही.) तेव्हापासून कॅलेंडर भिंतीला चिकटवल्याशिवाय मी पहिलं वाक्य लिहीत नाही.

गणित सोपं आहे. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते. १ जूनला वळू कळपात सोडले की १० मार्चच्या सुमाराला पहिली वासरं पडायला लागतात. बाकी वर्ष त्यावरून लागतं:

जानेवारी-फेब्रुवारीत रोज गवत टाकायचं, बर्फ फोडायचा, बँकेत जायचं. मार्च-एप्रिल विण्याचा हंगाम, झोप नाही, तापमान शून्याच्या वीस खाली जाऊ शकतं, ओलं वासरू पिकअपमध्ये पायाशी हीटरसमोर ठेवून घरी आणायचं आणि कधी चक्क बाथटबमधल्या कोमट पाण्यात. मे-जूनमध्ये ब्रँडिंग, शेजारपाजारचे सगळे येतात, पैसे कुणी घेत नाही, जेवण मात्र जंगी लागतं, आणि मग त्यांच्याकडे आपण जायचं. मग गुरं उन्हाळी कुरणात. जुलै-ऑगस्ट गवत कापणी आणि वणव्याची धास्ती. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गुरं गोळा करायची, वासरं आयांपासून तोडायची, ट्रकमध्ये भरायची, गायी गाभण आहेत का तपासायच्या. डिसेंबरात पुन्हा गवत.

यात दोन ठिकाणी थांबा.

एक, पैसा. वासरं शरदात साधारण ५००-६०० पौंडांची, म्हणजे सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोची होऊन विकली जातात आणि तो वर्षाचा मुख्य चेक. म्हणजे मार्चमध्ये झोपेने एक चूक झाली तर ती नोव्हेंबरमध्ये चेकवर दिसते. तुम्हाला वेगळा व्हिलन लागत नाही.

दोन, वासरं तोडायच्या रात्री. आया कुंपणाच्या अलीकडे, वासरं पलीकडे, आणि दोन-तीन रात्री नुसता हंबरडा. घरात कुणालाच झोप लागत नाही. गेलेल्या माणसाबद्दल जर कुणी काही बोलणार असेल तर ते या रात्री बोलेल, स्वयंपाकघरात, आवाज चढवून, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही.

आता मृत्यूची तारीख ठरवा आणि ती कामाच्या ऐन गर्दीत ठेवा. तो जुलैत गेला असेल तर दर जुलैला कापलेल्या गवताचा वास येणारच आणि गवत तर कापायलाच पाहिजे.

सावधान: "शोकाच्या पाच पायऱ्या" घेऊन पाच प्रकरणं पाडू नका. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार, हे क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडलं ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होतं. लिहिणाऱ्याला जास्त कामाचं आहे ते श्ट्रोबे आणि श्खुट या शोकाच्या अभ्यासकांचं १९९९ चं म्हणणं, की माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खातो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या कामाकडे, एकाच दिवसात दोन्ही. म्हणजे सकाळी ती हसत ट्रॅक्टर दुरुस्त करेल आणि दुपारी त्याच ट्रॅक्टरच्या सीटवर बसता येणार नाही कारण सीट त्याच्या उंचीला लावलेली आहे. आणि आठव्या प्रकरणात "ती सावरली" म्हणून नवव्यात पुन्हा रडायचीच नाही असंही काही नाही.

तपासा: प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर महिना लिहा. त्या महिन्याचं एकही काम प्रकरणात नसेल तर प्रकरण हवेत आहे.

## टप्पा ४: तो कोण, आणि कधी जाणार

तो का आला यापेक्षा तो कधी जाणार आहे हे आधी ठरवा. मार्चमध्ये विण्याच्या हंगामासाठी ठेवलेला माणूस, नोव्हेंबरमध्ये वासरं ट्रकात चढली की मोकळा. झाली तुमची मुदत.

माझा आवडता म्हणजे रोडिओ, म्हणजे काऊबॉयांच्या स्पर्धा, सोडलेला. ब्राँकवर, म्हणजे उधळणाऱ्या घोड्यावर, आठ सेकंद टिकायचं असतं, आणि अशी पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचा खांदा नीट वर जात नाही, थंडीत गुडघा बोलतो. पस्तिशी ओलांडलेला, भुकेला, गप्प. पण गप्प म्हणजे मुका नाही, काही लेखिका त्याला दोनशे पानं नुसतं जबडा आवळायला लावतात.

त्याचंही कुणी गेलेलं असेल तर चालेल, पण मग "तुझं दुःख मोठं की माझं" असा तराजू मांडू नका. नवऱ्याचा सख्खा भाऊ नायक म्हणून घेणार असाल तर विचार करून घ्या, मी टाळते, अर्धी कथा सासूला समजावण्यातच जाते.

आणि मुख्य म्हणजे तो तिला वाचवायला आलेला नाही. त्या जमिनीबद्दल तिला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. कुठला ओढा एप्रिलमध्ये ओलांडता येत नाही, कुठली गाय वासराजवळ माणसाला फिरकू देत नाही, हे ती सांगणार, तो ऐकणार, आणि एकदा न ऐकता आपटणार.

## टप्पा ५: कामं हातातून हातात जाण्याचा क्रम

हा कथेचा कणा. टप्पा १ ची वही पुढ्यात घ्या आणि हा क्रम शक्यतो मोडू नका, बहुतेक कथा इथेच उलट्या क्रमाने जातात, म्हणजे आधी चुंबन आणि नंतर कुंपण.

१. तो न विचारता एक काम करून टाकतो. फाटकाची सुतळी काढून साखळी लावतो. त्याला वाटतं बरं केलं. ती भडकते, आणि का भडकली ते सांगत नाही, सांगूही देऊ नका.

२. एक काम दोघं मिळून करतात कारण एकट्याने होणारच नाही. अडलेली गाय यासाठी उत्तम.

३. तो विचारतो. पहिल्यांदा विचारतो, आणि गेलेल्या माणसाच्या वस्तूबद्दल विचारतो.

इथे जरा थांबते कारण हे दृश्य नीट झालं तर बाकी अर्धं माफ. त्याचं खोगीर तुटलंय, शेडमध्ये नवऱ्याचं आहे. वेस्टर्न खोगिराला रिकीब ज्या रुंद चामडी पट्ट्यावर असते तो पट्टा वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या पायाने वळतो, एकाच भोकावर बकल बसून तिथे चामडं काळं पडतं आणि खोलगट होतं. नवरा उंच होता, हा बुटका. रिकीब दोन भोकं वर घेतल्याशिवाय पाय पोचत नाही. तो बकलला हात लावतो, थांबतो, आणि विचारतो, "हे वर घेऊ का?" बस, एवढंच. ती लगेच "घ्या" म्हणते का, की स्वतः येऊन बकल काढते, की "आज माझं घ्या, हे राहू दे" म्हणते, यावरून तुमची नायिका कोण आहे ते ठरेल. माझ्या कथेत ती काहीच बोलली नाही, खिशातून चाकू काढून जुन्या भोकाशेजारी बारीक खूण केली, परत लावता यावं म्हणून, आणि मग बकल काढलं.

४. ती स्वतःहून एक काम देते. छोटं असू दे, बसथांब्यापर्यंत मुलाला सोडणं वगैरे.

५. ती काम परत घेते. काहीतरी बिनसतं, कदाचित मुलाने त्याला चुकून "बाबा" म्हटलं. ही पायरी गाळू नका. गाळली की गोष्ट सरळ रस्त्याने शेवटाला जाते आणि वाचक झोपतो.

६. दोघांचं असं एक नवं काम तयार होतं जे वहीत कधीच नव्हतं. नवरा असताना त्या घरात कुणी ते करत नव्हतं. कोंबड्या पाळा, रेडिओ दुरुस्त करा, काहीही, पण नवं.

चुंबन कुठे ठेवायचं विचाराल तर माझ्या मते चौथ्या आणि पाचव्याच्या मधे. त्यामुळेच पाचवं होतं.

## टप्पा ६: तू की तुम्ही

इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे ही सोय नाही आणि आपण ती फुकट घालवतो. बऱ्याच कथांत पहिल्याच वाक्यात तो तिला "तू" म्हणतो, जणू कॉलेज कँटीन आहे. तो पगारी माणूस, ती मालकीण, तो "मॅम" म्हणणार आणि तुम्ही-आम्ही बोलणार. तीही त्याला "तुम्ही". आणि पूर्ण कथेत हे एकदाच मोडायचं, तेही प्रेमाच्या सीनमध्ये नाही, कामाच्या घाईत.

रात्रीचे तीन, गाय अडलीये, वासराच्या पायांना साखळी लावलीये:

"थांबा. कळ येऊ द्या. आत्ता नको."
"पाय थंड पडतायत, मॅम."
"थांबा म्हटलं ना. हां, आली. ओढ. ओढ! खाली ओढ, खाली!"

वासरू बाहेर पडतं, ती नाकातला चिकट पदर बोटाने काढते, काडी घालून शिंकवते. मग दोघं पेंढ्यावर बसतात.

"चहा—कॉफी घेणार का तुम्ही?"
"घेतो."

"ओढ" नंतर परत "तुम्ही" वर येताना जो अवघडलेपणा आहे तो पानभर वर्णनाने येत नाही. (आणि हो, तो "चहा" मुद्दाम ठेवलाय, माझ्याकडून दर कथेत एकदा निसटतोच. तिथे कॉफीच. पिठलं-भाकरीचा मोहही आवरा, शोकाच्या घरी शेजारणी ओव्हनमधले कॅसरोल घेऊन येतात, भांड्याखाली टेपवर आपलं नाव चिकटवून, भांडं परत मिळावं म्हणून.)

तपासा: कथा उघडून "तू", "तुला", "तुझं" शोधा. पहिलं "तू" कुठल्या पानावर आहे आणि ते तिथे का आहे हे सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ७: एक कामाचा सीन पूर्ण लिहा, काहीही न समजावता

प्रत्येक चांगल्या रँचकथेत एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतं. मी एक सुचवते.

एका पहिलारू गायीचं वासरू मेलेलं जन्मतं. त्याच आठवड्यात दुसरी गाय विताना मरते आणि तिचं वासरू जगतं. गायीला दुसऱ्याचं वासरू चालत नाही, हुंगते आणि लाथ मारते. मग मेलेल्या वासराचं कातडं काढतात, पायांसाठी भोकं ठेवतात, आणि ते पोरक्या वासराला अंगरख्यासारखं चढवून सुतळीने बांधतात. दोघांना छोट्या गोठ्यात कोंडतात. गाय शेपटीकडून हुंगते, तिच्या ओळखीचा वास तिथे असतो. कधी लगेच घेते, कधी दिवस लागतो. दोन-तीन दिवसांनी कातडं कुजून वास मारायला लागतं, तोवर गायीचं दूध वासराच्या पोटात गेलेलं असतं, मग ते कापून टाकतात.

आपल्याकडे मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गायीपुढे ठेवायचे, पान्हा सुटावा म्हणून. गावाकडच्या वाचकाला ते माहीत असतं आणि हा सीन वाचताना ते आठवणारच. फरक एवढाच की तिथे आत पेंढा, इथे आत जिवंत वासरू.

सीन लिहायचा क्रम: चाकूची धार, कातडं सुटतानाचा आवाज, हाताला लागलेली ऊब, सुतळीची गाठ, पहिली लाथ, दुसरी लाथ, वाट बघणं. वाट बघण्याला सगळ्यात जास्त जागा द्या. चाकू कुणाचा, धार कुणी लावली, हे वहीतून येईल.

सावधान: इथे ९० टक्के लिहिणारे घसरतात, मीही घसरले होते. नायक कठड्यावर हात टेकून म्हणतो, "बघितलंस? तिने दुसऱ्याला आपलं मानलं." ते वाक्य काढा. त्या अर्थाचा विचारही तिच्या डोक्यात नको. तिला कातडं कापायच्या वेळी नुसतं बाहेर उभं राहू दे, किंवा "तुम्हीच कापा" म्हणून घरात जाऊ दे.

## टप्पा ८: तुटायची वेळ

आपल्या लोकांची हमखास चूक: "लोक काय म्हणतील, मी विधवा आहे." आपल्याकडे त्या शब्दाला जे ओझं आहे ते तसंच्या तसं माँटानात नेऊन ठेवता येत नाही. तिथे तिने पुन्हा लग्न करायला कुणाची मनाई नाही, उलट चर्चमधल्या बायका दीड वर्षात दोनदा कुणाचं तरी नाव सुचवून झालेल्या असतात. गाव बोलतं जरूर, पण ते बोलणं "फार लवकर" आणि "कुठून आला हा" असं असतं.

खरे अडथळे शोधा. जमीन सासऱ्यांच्या कुटुंबाची, अर्धी अजून त्यांच्या नावावर. बँकेच्या कागदावर नवऱ्याची सही. साठीच्या आत पुन्हा लग्न केलं की नवऱ्याच्या नावावरचा सोशल सिक्युरिटीचा (तिकडच्या सरकारी पेन्शनचा) विधवा-लाभ साधारण बंद होतो, मुलाचा चालू राहतो. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी, ब्रँड. गुरांवरचा तो डाग सरकारदरबारी नोंदलेला असतो, कुठल्या अंगावर, डाव्या मांडीवर की बरगडीवर, तेही ठरलेलं. माँटानात दर दहा वर्षांनी सगळे ब्रँड पुन्हा नोंदवावे लागतात, मागच्या वेळी २०२१ मध्ये झालं. नायिकेच्या ब्रँडमध्ये सासऱ्यांच्या वडिलांचं अक्षर आहे आणि दरवर्षी तेच ३०० वासरांवर लागतं. ब्रँडिंगच्या दिवशी डाग द्यायची सळई कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्न मेमध्ये आला की सासरा, ती, तो, तिघंही आगीभोवती उभे आणि सगळा गाव बघतोय. लोखंड तापलेलं, थांबायला वेळ नाही. अजून काय पाहिजे.

टाळा: दारात अचानक उभी राहिलेली जुनी मैत्रीण, अर्धवट ऐकलेलं फोनवरचं बोलणं, आणि "त्या अपघातात मीच होतो" हा गौप्यस्फोट. शेवटचं तर अगदीच नको, त्याने आधीच्या सगळ्या पानांचं विष होतं. वादळात हरवलेला मुलगा शोधून आणणं हेही फार झालंय, पण घ्यायचंच असेल तर ती शोधू दे.

## टप्पा ९: शेवट

रोमान्स आहे, त्यामुळे शेवट आशेचा हवा, ही वाचकाशी बोली आहे. ट्रॅजेडी लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण मग कव्हरवर टोपीवाला टाकू नका. लग्न दाखवलंच पाहिजे असं नाही.

नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढणं, अंगठी नदीत टाकणं, त्याच्या थडग्यापाशी "तू मला परवानगी दिलीस" असं भाषण, हे सगळं कृपया नको. गेलेला माणूस घरातून हाकलायचा नसतो, मुलगा त्याचा आहे, ब्रँड त्याचा आहे. वही पुन्हा काढा आणि एकेक ओळ तपासा: कुठलं काम आता याच्याकडे गेलं, कुठलं तिने स्वतःचं करून टाकलं, आणि कुठलं अजून गेलेल्या माणसाच्याच नावावर राहिलंय. तिसऱ्या प्रकारचं एक तरी उरलं पाहिजे. एखादं फाटक अजून सुतळीवरच असू दे.

शेवटचं प्रकरण पुढच्या मार्चमध्ये ठेवलंत तर सोयीचं जातं. रात्रीचे दोन, गजर, आणि अंथरुणातून कोण उठतं.

## पाठवायच्या आधी तीन फेऱ्या

एकत्र वाचू नका, तीन वेगळ्या दिवशी तीन फेऱ्या.

पहिली फेरी फक्त तारखांची. महिने, गायीचे दिवस, मुलाचं वय, नवरा जाऊन किती महिने झाले. हा आकडा तीन ठिकाणी तीन वेगळा निघतोच.

दुसरी फक्त बोलण्याची. संवाद मोठ्याने वाचा. "मला तुझी गरज आहे", "मी तुझ्यासाठी इथे आहे" असलं काही सापडलं तर ते इंग्रजी सिनेमाच्या सबटायटलमधून आलंय, खोडा, आणि त्या जागी त्याला काहीतरी काम करायला लावा.

तिसरी हॅटची. हसू नका. घरात शिरताना आणि जेवायला बसताना काढली का. टेबलावर ठेवली तर उलटी, कडा वर करून. उन्हाळ्यात गवती, थंडीत फेल्टची. नवऱ्याची ज्या खिळ्यावर टांगलेली आहे त्याच खिळ्यावर याने पहिल्याच दिवशी टांगली नाही ना. आणि पलंगावर कुठेही ठेवलेली नको, ते तिकडे अपशकुनी मानतात. बेडरूमचा सीन लिहिताना हे हमखास विसरतं, त्यामुळे तो सीन आधी उघडा आणि हॅट कुठे आहे ते बघा.